घरचं अ‍ॅप इंट्यूनवरून वाटताना: अँड्रॉइड पास, आयपॅडला एटीकेटी

एमडीएम, म्हणजे कंपनीचे फोन-टॅब एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर, विकणाऱ्यांचा डेमो सगळीकडे सारखाच असतो. कन्सोलवर बटण दाबलं, टेबलावरच्या टॅबवर दोन मिनिटांत अ‍ॅप उतरलं, चहा आला. कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेलं अ‍ॅप शे-दोनशे टॅबवर वर्षभर चालवायचं असेल, तर मात्र कस लागतो तो दोनच वेळा: दुसरं व्हर्जन पाठवताना आणि कशाची तरी मुदत संपते त्या सकाळी. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यून या एमडीएमला इथे या दोनच विषयांचे पेपर दिले आहेत. ईमेल, विंडोज लॅपटॉप, कंडिशनल अ‍ॅक्सेस हे सगळं बाजूला ठेवलंय.

नमुन्याला दोन कामं घेऊ. पहिलं, साखर कारखान्याचं ऊस नोंदणीचं अ‍ॅप. चिटबॉय आणि फील्डमन अँड्रॉइड टॅब घेऊन शेतावर जातात, गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात टिपतात, बांधावरून फिरून जीपीएसने क्षेत्र मोजतात. रेंज मिळाली तर मिळाली. दुसरं, औषध कंपनीच्या एमआरच्या हातातला आयपॅड, ज्यावर डॉक्टरांना दाखवायची माहिती आणि भेटींची नोंद ठेवणारं कंपनीचं अ‍ॅप आहे.

लायसन्सचं थोडक्यात. इंट्यून प्लॅन 1 ची छापील किंमत माणशी महिना 8 डॉलर. मायक्रोसॉफ्ट 365 चे बिझनेस प्रीमियम, ई3, ई5 किंवा एफ3 प्लॅन असतील तर ते त्यातच येतं. चिटबॉयला मायक्रोसॉफ्टचं खातं देण्याची गरज नसते. एकच टॅब तिघे वापरत असतील तर नुसत्या डिव्हाइसचं लायसन्सही मिळतं. ते न विचारता माणशी कोटेशन घेतलं की हिशेब उगाच फुगतो.

अँड्रॉइडचा रस्ता

टॅब कुठल्या प्रकाराने जोडणार, हे सगळ्यात आधी ठरवायचं. एकाच कामासाठी, कुणा एकाच्या नावावर नसलेला टॅब असेल तर ‘डेडिकेटेड’, आणि एका माणसाला दिलेला कंपनीचा फोन असेल तर ‘फुली मॅनेज्ड’. दोन्हींसाठी टॅब फॅक्टरी रीसेट करावाच लागतो. वापरात असलेले जुने टॅब जोडायचे असतील तर त्यांच्यात अडकलेल्या नोंदी आधी सर्व्हरवर चढवून घ्या, मगच रीसेट करा. रीसेटनंतर स्वागताच्या स्क्रीनवर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर वाचणारा कॅमेरा उघडतो, कन्सोलमधला कोड दाखवायचा, पुढचं आपोआप होतं. डेडिकेटेड टॅबवर कुणाचंही जीमेल घालावं लागत नाही, प्ले स्टोअरचं खातं टॅबच्या नावानेच मागे तयार होतं. क्यूआरच्या टोकनला मुदत असते. ती संपली की नवे टॅब जोडले जात नाहीत, जुन्यांना काही होत नाही. सॅमसंगचे टॅब पेटीबंद येणार असतील तर नॉक्स मोबाइल एन्रॉलमेंट ही आपोआप जोडण्याची सोय फुकट आहे. शंभर टॅबवर सहा-सहा टॅप वाचतात.

आता अ‍ॅप. इंट्यूनमध्ये ‘अँड्रॉइड लाइन ऑफ बिझनेस अ‍ॅप’ नावाचा एक पर्याय दिसतो, एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल, थेट चढवण्याचा. नवखा माणूस हमखास तिथेच जातो आणि फसतो. तो पर्याय टॅब जोडण्याच्या जुन्या डिव्हाइस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पद्धतीचा, आणि गूगल सेवा असलेल्या उपकरणांवर त्या पद्धतीला इंट्यूनने 31 डिसेंबर 2024 ला पाठिंबा थांबवला. डेडिकेटेड आणि फुली मॅनेज्ड टॅबवर घरचं अ‍ॅप जातं ते मॅनेज्ड गूगल प्लेमधूनच, म्हणजे गूगल प्लेच्या कंपन्यांसाठीच्या दुकानातून.

कृती अशी: ‘ऑल अ‍ॅप्स’मध्ये नवीन अ‍ॅप, प्रकार ‘मॅनेज्ड गूगल प्ले’. आत गूगलचीच खिडकी उघडते. डावीकडे कुलपाचं चिन्ह म्हणजे प्रायव्हेट अ‍ॅप्स. खाली उजवीकडचं अधिकचं चिन्ह दाबा, नाव लिहा, एपीके चढवा, ‘क्रिएट’. मग वर ‘सिंक’. हे शेवटचं ‘सिंक’ विसरलं तर अ‍ॅप इंट्यूनच्या यादीत येत नाही आणि माणूस अर्धा तास डोकं खाजवत बसतो. गूगलची 25 डॉलरची डेव्हलपर फी या वाटेने भरावी लागत नाही, खातं मागे आपोआप उघडतं. कायमस्वरूपी प्रायव्हेट अ‍ॅपला नव्या एपीआय लेव्हलची, म्हणजे ताज्या अँड्रॉइडप्रमाणे बनवण्याची, सक्ती नाही, अ‍ॅप बंडल या नव्या फाइल-प्रकाराचीही नाही, साधी एपीके चालते. कामचलाऊ अ‍ॅप पाच-पाच वर्षं ओढणाऱ्या कारखान्यांना ही सवलत फार मोलाची.

एपीके नाकारली जाण्याची कारणं मोजकीच आहेत आणि ती सगळी अ‍ॅप बनवणाऱ्याकडे घडतात. डीबग कीने साइन केलेली किंवा डीबगेबल, म्हणजे बनवणाऱ्याच्या चाचणीपुरती, ठेवलेली एपीके गूगल घेत नाही. ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू होणारं पॅकेज नाव, म्हणजे अ‍ॅपची आतली ओळख, घेत नाही. व्हर्जन कोड आधीपेक्षा मोठा नसेल तर अपडेट घेत नाही. सगळ्यात तापदायक म्हणजे पॅकेज नाव संपूर्ण गूगल प्लेमध्ये एकमेव असावं लागतं. व्हेंडरने स्वतःच्या प्ले खात्यात चाचणीसाठी म्हणून तेच पॅकेज एकदा चढवलं असेल, तर ते नाव तुमच्यासाठी गेलं. एकच अ‍ॅप चार कारखान्यांना विकणाऱ्या व्हेंडरला तर इथे ठेच लागतेच, कारण एका पॅकेज नावाचं अ‍ॅप चारही ठिकाणी वेगवेगळं चढत नाही. त्याने एकतर प्रत्येकासाठी वेगळ्या पॅकेज नावाचा बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची तयार प्रत, काढावा, नाहीतर स्वतःच्या प्ले कन्सोलमधून प्रसिद्ध करून प्रत्येक कारखान्याचा ऑर्गनायझेशन आयडी त्यात जोडावा.

दुसरा मार्ग व्हेंडरला सोयीचा, पण मग चावी त्याच्याकडे राहते. चावी म्हणजे अक्षरशः साइनिंग की, अ‍ॅपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही करणारी. पुढचं प्रत्येक अपडेट त्याच कीने साइन झालेलं लागतं. स्वतःच्या कीने साइन केलेली एपीके चढवत असाल आणि ती की ठेवलेली की-स्टोअर फाइल हरवली, तर नवं पॅकेज नाव, म्हणजे नवं अ‍ॅप, म्हणजे सगळ्या टॅबवर जुनं काढून नवं घालणं, आणि जुन्यात सर्व्हरवर न गेलेल्या नोंदी असतील तर त्या गेल्या. वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या: की-स्टोअर फाइल आणि तिचे पासवर्ड कंपनीच्या ताब्यात. व्हेंडरशी नंतर बिनसतं तेव्हा ही एक ओळ कामाला येते.

दुसरं व्हर्जन

बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती इथे, आणि दोष अ‍ॅपचा नसतो. मॅनेज्ड प्ले नेहमीच्या सेटिंगला अपडेट कधी घालतं? टॅब अनमीटर्ड नेटवर्कवर, म्हणजे साधारणपणे वाय-फायवर असेल, चार्जिंगला असेल, आणि कुणी वापरत नसेल तेव्हा. तिन्ही एकाच वेळी. आता चिटबॉयचा टॅब पाहा. दिवसभर शिवारात सिमच्या डेटावर. रात्री घरी चार्जिंगला, पण घरी वाय-फाय नाही. कारखान्याच्या शेती ऑफिसात वाय-फाय आहे, तिथे टॅब हातात आहे. तिन्ही अटी एकदम जुळण्याचा मुहूर्त लागतच नाही, आणि गळीत हंगाम निम्मा सरला तरी अर्धे टॅब जुन्या व्हर्जनवर. किऑस्क मोडमध्ये आपलं अ‍ॅप कायम पडद्यावर असतं, तिथे तर आणखी अवघड.

उपाय इंट्यूनमध्ये आहे, पण लपून बसलाय. अ‍ॅप ग्रुपला नेमताना ‘असाइनमेंट’मध्ये ‘अपडेट प्रायॉरिटी’ नावाचा रकाना आहे. त्यात तीन पर्याय: डीफॉल्ट, हाय प्रायॉरिटी, पोस्टपोन्ड. घरच्या अ‍ॅपला हाय प्रायॉरिटी लावा. मग वरच्या अटी गळून पडतात आणि अपडेट शक्य तितक्या लवकर येतं. याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: सिमचा डेटा जातो, आणि माणूस नोंद भरत असताना मध्येच अ‍ॅप बंद होऊ शकतं. म्हणून एपीके आटोपशीर ठेवा, अर्धवट भरलेला फॉर्म अ‍ॅपने दर रकान्यानंतर जपून ठेवावा असं व्हेंडरला सांगा, आणि नवं व्हर्जन सकाळी अकराला नव्हे तर संध्याकाळी चढवा. पोस्टपोन्डमध्ये अपडेट जास्तीत जास्त 90 दिवस थांबतं, नंतर येतंच. इतर तयार अ‍ॅप्सना, विशेषतः प्रिंटर किंवा स्कॅनरच्या अ‍ॅपला, ऐन हंगामात हे लावणं शहाणपणाचं.

सगळ्यांना एकदम देण्याआधी पाच-दहा टॅबवर पाहायचं असेल तर गूगलच्या त्या छोट्या खिडकीत तशी सोय नाही. तिथून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ संपादनाने प्ले कन्सोलमध्ये जायचं, क्लोज्ड टेस्टिंगचा ट्रॅक काढायचा आणि इंट्यूनमध्ये निवडक ग्रुपला तो ट्रॅक नेमायचा. हे एकदा बसवलं की चांगलं चालतं. हे करायचा कंटाळा असेल तर चाचणीसाठी वेगळ्या पॅकेज नावाचा बिल्ड ठेवा.

परवानग्यांबद्दल एक खाच आहे. लोकेशन आणि कॅमेरा आधीच मंजूर करून ठेवता येतात, पण अँड्रॉइड 12 पासून ते फुली मॅनेज्डसारख्या पूर्णपणे कंपनीच्या ताब्यातल्या उपकरणांवरच. वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाचा वेगळा कप्पा, असलेल्या फोनवर वापरणाऱ्यालाच ‘अलाउ’ दाबावं लागतं. त्याने नाकारलं की जीपीएस मोजणी बंद, आणि तक्रार मात्र ‘अ‍ॅप चालत नाही’ अशी येते. मोजणी मध्येच तुटत असेल तर संशय बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगवर घ्या. सॅमसंगच्या टॅबवर नॉक्स सर्व्हिस प्लगइन हे अ‍ॅप इंट्यूनमधून घालून त्यात आपलं अ‍ॅप बॅटरीच्या अपवादांच्या यादीत टाकता येतं. बिनानावाच्या स्वस्त टॅबवर अशी केंद्रीय सोय मिळेलच असं नाही. खरेदीच्या वेळी दोन हजार वाचवले ते इथे निघतात.

आयपॅडची गोष्ट वेगळी

आयपॅडवर घरचं अ‍ॅप न्यायच्या दोन वाटा आहेत. इंट्यून दोन्ही नीट चालवतं, गोची अ‍ॅपलच्या नियमांत आहे.

पहिली वाट आयपीए, म्हणजे आयपॅड अ‍ॅपची फाइल, थेट चढवण्याची. त्यासाठी अ‍ॅपलचा डेव्हलपर एंटरप्राइज प्रोग्राम लागतो. वर्षाला 299 डॉलर, कंपनीत किमान 100 माणसं, आणि बाकीचे मार्ग का चालत नाहीत हे अ‍ॅपलला पटवून द्यावं लागतं. मिळाला तर सुरुवात मजेत होते. इंट्यूनमध्ये आयपीए चढवा, ‘रिक्वायर्ड’ करा, सुपरवाइज्ड, म्हणजे पूर्णपणे कंपनीच्या ताब्यातल्या, आयपॅडवर काही न विचारता अ‍ॅप उतरतं. डेव्हलपरवर विश्वास ठेवायचा का, हेही एमडीएममधून आल्यामुळे विचारलं जात नाही. सुपरवाइज्ड नसलेल्यावर मात्र ‘इन्स्टॉल करू का’ असा प्रश्न येतो आणि एमआरने ‘कॅन्सल’ दाबलं की यादीत लाल खूण. ऑफिसच्या फायरवॉलने अ‍ॅप तपासून मंजुरी देणारा अ‍ॅपलचा पीपीक्यू सर्व्हर अडवला असेल तर अ‍ॅप उतरतं पण उघडत नाही. हे कारण शोधायला लोक दिवस घालवतात.

मग वर्ष उलटतं. अ‍ॅपच्या पोटातल्या प्रोव्हिजनिंग प्रोफाइलची, म्हणजे ते चालवायच्या परवान्याची, मुदत एक वर्ष, साइन करायच्या सर्टिफिकेटची तीन वर्षं. प्रोफाइल संपलं त्या दिवशी अ‍ॅपवर बोट ठेवलं तरी ते उघडत नाही, आणि हे सगळ्या आयपॅडवर एकाच दिवशी. इंट्यूनला यात गुण द्यायला हवेत. ‘आयओएस अ‍ॅप प्रोव्हिजनिंग प्रोफाइल्स’ या पानावर नवं प्रोफाइल चढवून ग्रुपला नेमलं की अ‍ॅप पुन्हा न बांधता काम भागतं. पण आयपॅड आपल्या इंट्यूनशी साधारण आठ तासांनी एकदा बोलतो, आणि सुट्टीवर गेलेल्या एमआरचा बंद आयपॅड तर बोलतच नाही. म्हणून नवं प्रोफाइल मुदतीच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी पाठवा. सर्टिफिकेट बदलताना मात्र आयपीए पुन्हा साइन करणं चुकत नाही.

अपडेटची चूकही ठरलेली आहे: नवं आयपीए आलं की लोक नवीन अ‍ॅप म्हणून चढवतात. मग एकाच बंडल आयडीची, म्हणजे एकाच ओळखीची, दोन अ‍ॅप्स यादीत भांडत बसतात. जुन्याच अ‍ॅपच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन फाइल बदलायची, बंडल आयडी तोच, व्हर्जन आकडा वाढलेला.

या वाटेवरचा मोठा धोका मात्र मुदतीचा नाही. सर्टिफिकेट अ‍ॅपलच्या हातात असतं. जानेवारी 2019 मध्ये फेसबुक आणि गूगलने ते बाहेरच्या लोकांना अ‍ॅप देण्यासाठी वापरल्याचं उघड झालं, अ‍ॅपलने सर्टिफिकेट रद्द केलं, आणि दोन्ही कंपन्यांची आयफोनवरची अंतर्गत अ‍ॅप्स, अगदी बस आणि कॅन्टीनच्या अ‍ॅपसकट, थंड पडली. आपल्या स्टॉकिस्टला ‘तेवढं एक टाकून द्या’ म्हणून आयपीए देणं हा त्याच जातीचा नियमभंग आहे.

दुसरी वाट कस्टम अ‍ॅपची, आणि बहुतेक कंपन्यांनी तीच धरावी. साधा डेव्हलपर प्रोग्राम, वर्षाला 99 डॉलर. अ‍ॅप स्टोअर कनेक्टवर अ‍ॅप चढवायचं, वितरण ‘प्रायव्हेट’ ठेवून आपल्या अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरचा (कंपन्यांसाठीच्या अ‍ॅपलच्या पोर्टलचा) ऑर्गनायझेशन आयडी द्यायचा. मंजूर झालं की बिझनेस मॅनेजरमध्ये हवी तितकी लायसन्स घ्या, ती टोकनवाटे, म्हणजे दोन्हींना जोडणाऱ्या फाइलवाटे, इंट्यूनमध्ये येतात. लायसन्स ‘डिव्हाइस’वर ठेवलं तर आयपॅडवर अ‍ॅपल खातंही लागत नाही. प्रोव्हिजनिंग प्रोफाइलची वार्षिक कटकट नाही. टोकनच्या सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक अपडेट चालू ठेवता येतं.

अडचण एकच, अ‍ॅपलचा रिव्ह्यू. सर्व्हर फक्त व्हीपीएनच्या आत उघडत असेल तर तपासणारा लॉगिनच्या पलीकडे जाऊच शकत नाही आणि अ‍ॅप परत येतं. चालू डेमो लॉगिन आणि खोट्या डॉक्टरांची, खोट्या भेटींची माहिती भरलेला वेगळा सर्व्हर हे आधीच तयार ठेवा. रिव्ह्यूमुळे ‘आज रात्री दुरुस्ती, उद्या सकाळी सगळीकडे’ असं वचन विक्री विभागाला देता येत नाही, हे मान्य करून चाला. काही जण रिव्ह्यू टाळायला अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सोयीवरच वर्षानुवर्षं काढतात. तिथला प्रत्येक बिल्ड 90 दिवसांत मरतो, म्हणजे वर्षाऐवजी तिमाहीला तीच आग.

एटीकेटी कशासाठी, तर मुदतींसाठी. आयपॅडसाठी इंट्यूनमध्ये निरोप पोहोचवणारं अ‍ॅपल पुश सर्टिफिकेट, एन्रॉलमेंटचं टोकन, अ‍ॅप लायसन्सचं टोकन अशा तीन गोष्टी दर वर्षी नव्या कराव्या लागतात. त्यातलं पुश सर्टिफिकेट 365 दिवसांचं, आणि ज्या अ‍ॅपल खात्याने काढलं त्याच खात्याने नवं करायचं. दुसऱ्या खात्याने काढलं की सगळे आयपॅड पुन्हा एन्रॉल करणं आलं. हे खातं आयटीतल्या एखाद्याच्या वैयक्तिक मेलवर आणि त्याच्याच मोबाइलच्या ओटीपीवर असतं, तो नोकरी सोडतो, आणि मग त्याला फोन करून ओटीपी मागावा लागतो. विभागाच्या नावाचा मेल, कंपनीचं सिम. एवढं पहिल्या दिवशीच करून ठेवा.

ग्रुप, आणि ‘पेंडिंग’ नावाचं गूढ

डेडिकेटेड टॅबला वापरकर्ता नसतो, म्हणून अ‍ॅप युजर ग्रुपला नेमलं तर ते कधीच उतरत नाही. डिव्हाइस ग्रुप लागतो. एन्रॉलमेंट प्रोफाइलच्या नावावरून डायनॅमिक ग्रुप बनवला की नवा टॅब जोडताच आपोआप त्यात पडतो. पण सभासद ठरायला वेळ लागतो, तेवढा धीर धरा. ‘रिक्वायर्ड’ आणि ‘अनइन्स्टॉल’ची नेमणूक एकाच टॅबपर्यंत दोन ग्रुपमधून पोहोचत नाही ना, हे पाहा.

अहवाल हा इंट्यूनचा सगळ्यात कच्चा विषय. इन्स्टॉल स्टेटसमध्ये ‘पेंडिंग’ म्हणजे टॅब बंद आहे, नेट नाही, जागा भरली आहे, की नुसता अजून बोललाच नाही, हे पुरेसं कळत नाही. ‘डिस्कव्हर्ड अ‍ॅप्स’ची यादी तर सात दिवसांनी ताजी होते. म्हणून कुठल्या टॅबवर कुठलं व्हर्जन आहे हे इंट्यूनला विचारू नका. अ‍ॅपनेच प्रत्येक सिंकला स्वतःचं व्हर्जन सर्व्हरला कळवावं, आणि सर्व्हरवर ‘किमान चालणारं व्हर्जन’ असा एक आकडा ठेवावा. त्याखालचं अ‍ॅप नवी नोंद घेणार नाही, पण साठलेल्या जुन्या नोंदी चढवू देईल. हे शेवटचं वाक्य व्हेंडरला दोनदा सांगा. सर्वसाधारणपणे ते दोन्ही दारं बंद करतात.

सर्व्हरचा पत्ता, कारखान्याचा कोड, गटाचा कोड या गोष्टी एपीकेत कोरू नका. अ‍ॅपमध्ये मॅनेज्ड कॉन्फिगरेशनची सोय ठेवली की इंट्यूनमधून त्या भरता येतात, सर्व्हर बदलला तरी नवा बिल्ड लागत नाही. अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हीकडे ही सोय उत्तम चालते.

आणखी कुणाकडे पाहावं?

ऑफिसात मायक्रोसॉफ्ट 365 आधीपासून नसेल आणि काम फक्त अँड्रॉइड टॅबचं असेल, तर इंट्यूनचा आग्रह धरू नका. पुण्यात बनणारं स्केलफ्यूजन किंवा झोहोचं मॅनेजइंजिन एमडीएम प्लस यांत एपीके थेट चढवता येते. गूगल प्लेची फेरी नाही, पॅकेज नावाचं भांडण नाही, आणि एकच अ‍ॅप चार कारखान्यांना देणारा व्हेंडर सुटकेचा निःश्वास टाकतो. मॅनेजइंजिन 25 उपकरणांपर्यंत फुकट आहे, छोट्या डेअरीचं किंवा पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांचं काम त्यात भागून जाईल. आयपॅडच्या मुदती मात्र कुठल्याही एमडीएममध्ये तशाच राहतात, त्या अ‍ॅपलच्या आहेत.

गुण द्यायचेच तर अँड्रॉइडला पाचपैकी चार, हाय प्रायॉरिटीचा रकाना सापडला असेल तर. आयपॅडला कस्टम अ‍ॅपच्या वाटेने साडेतीन, आयपीएच्या वाटेने अडीच.

आणि हंगाम संपून टॅब परत यायला लागले की घाईत कुणी पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीतून रीसेट मारतं. त्यानंतर टॅब आधीचं गूगल खातं मागत बसू शकतो. फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन या चोरीविरोधी कुलपात कंपनीचं एक खातं आधीच नोंदवून ठेवलेलं असेल तर त्याने सुटतो. टॅब पुसायचा तो कन्सोलमधल्या ‘वाइप’नेच, आणि त्याआधी अ‍ॅपमधला ‘न चढलेल्या नोंदी’चा आकडा शून्य आहे हे शेती ऑफिसातल्या क्लार्कने डोळ्यांनी पाहून रजिस्टरला लिहायचं.